लावलेल्या झाडांची संख्या

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, माणसं देवदर्शनाला जातात, किल्ला बघायला जातात, पाहुण्यांच्या लग्नाला जातात. मी अहवाल लिहायला गेलो. परत आल्यावर सोसायटीतल्या चौघांनी शिर्डीचा प्रसाद मागितला. मी शिर्डीला गेलोच नव्हतो, पण तीन दिवसांत माझ्याकडे पाच नारळ जमले होते. चौघांना एकेक दिला आणि पाचव्याची चटणी झाली. हे नारळ कसे जमले आणि त्यातल्या एकाच्याही लायकीचा मी का नव्हतो, ते सांगतो.

तीस वर्षं मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसाने काय करू नये याची यादी बायकोने मला तोंडी दिली होती, आणि तिच्यात पहिलंच कलम होतं, कुठल्याही समितीवर जाऊ नये. मी दोन महिन्यांत समितीवर गेलो. गावोगावच्या लोकांनी निसर्ग राखावा, मुलांना पर्यावरण शिकवावं, यासाठी छोटी अनुदानं देणारी ही संस्था. अनुदान खरोखरच छोटं असतं. त्यात एखाद्या बऱ्यापैकी लग्नाचा मांडवही उभा राहणार नाही. मंजूर झाल्यावर हप्त्यासाठी भरायचं प्रपत्र मात्र आठ पानी आहे आणि ते मी तयार केलं आहे. तीन बैठका आणि दोन डझन बटाटेवडे खर्ची पडले त्यासाठी. 'एकही रकाना रिकामा राहिल्यास प्रपत्र परत पाठवावे' हे तळटीपेतलं वाक्यसुद्धा माझंच. विद्यार्थ्यांची तीस वर्षं छळणूक केली की हात असा सहज चालतो.

अनुदानाचे हप्ते दोन. पहिला कामाआधी, दुसरा कोणीतरी काम बघून 'समाधानकारक' असं लिहिल्यावर. ते कोणीतरी म्हणजे मी. ठिकाणं तीन, दिवस तीन, श्रावण संपत आलेला.

दिवस पहिला : सुप्यापासून आत

सुप्याच्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडा मागे टाकून रिक्षा आत वळली की पाच मिनिटांत बाजरी सुरू होते. त्या बाजरीच्या कडेला एक शाळा आणि तिथे आमच्या अनुदानातून चाललेलं 'पक्षी ओळखा' मंडळ.

आमच्याकडे पुण्यात पाहुणा आला की तो किती वेळ बसणार याचा आधी अंदाज घेतात. इकडे आधी फेटा बांधतात. मी नको नको म्हणेपर्यंत माझं डोकं गुलाबी झालं होतं. मग शाल, मग दोन नारळ, एक शाळेचा आणि एक सरपंचांचा, मग स्वागतगीत, मग हेडमास्तरांचं प्रास्ताविक, ज्यात त्यांनी मला तीन वेळा 'थोर पक्षीतज्ज्ञ' केलं. मला कावळा आणि कोकीळ यांतला फरक आवाजावरून कळतो, एवढंच.

मुलं मात्र तरबेज निघाली. भिंतीवरच्या तक्त्यावर मास्तर छडी ठेवत गेले आणि मुलं नावं ओरडत गेली. खंड्या! हळद्या! नीलपंख! एवढ्यात बाहेर मैदानात एक टिटवी जीव तोडून ओरडायला लागली. अगदी खरी, जिवंत, दोन पायांवर उभी असलेली टिटवी. मी खुश होऊन खिडकीकडे वळलो, तर हेडमास्तर शिपायाला म्हणाले, "अहो, ती हुसका बरं तेवढी. साहेबांना ऐकू येईना."

टिटवी हुसकली गेली. तक्ता पूर्ण झाला.

नंतर माझ्या हस्ते झाड. कुंपणाच्या कडेने आधीच्या पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या ओळीने उभ्या होत्या. पाट्या उत्तम जगल्या होत्या. त्यांच्यामध्ये मीही एक कडुनिंब लावला, हात धुतले आणि प्रपत्रातल्या 'लावलेल्या झाडांची संख्या' या रकान्यात शाळेची वही बघून एकवीस लिहिलं. दुपारी हेडमास्तरांच्या घरी शिपी आमटी खाल्ली. ती अशी काही तिखट होती की पक्षी, मुलं आणि पर्यावरण, तिन्ही विषय तासभर माझ्या डोक्यातून गेले. त्या आमटीसाठी वेगळं अनुदान द्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

दिवस दुसरा : कोल्हार

कोल्हारला प्रवरेवरच्या पुलावरून पाणी बघत थोडा वेळ उभा राहिलो. नदी भरून चालली होती आणि दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. या उसात बिबटे राहतात. पाहुणे म्हणून नाही, तिथेच जन्मतात, वाढतात. इथल्या एका वस्तीवरच्या गटाला आम्ही अनुदान दिलं होतं, ते बिबट्याबरोबर डोकं ठिकाणावर ठेवून कसं राहावं हे शिकवण्यासाठी.

गटाचे पुढारी दत्तूनाना, सत्तरीचे शेतकरी. त्यांनी सगळं नीट दाखवलं. शेळ्यांचे बंदिस्त गोठे, अंगणातले दिवे, ऊसतोडीआधी काय करायचं याचे घरोघर चिकटवलेले कागद. काम चोख होतं, टीका करायला जागा नव्हती, त्यामुळे मी जरा हिरमुसलोच. मग नानांनी मला पाटाच्या कडेला नेलं आणि एका जांभळाच्या रोपाकडे बोट दाखवलं. रोपाला हार घातलेला होता.

"नाना, हे काय?"

"झाड."

"ते दिसतंय. पण बिबट्याच्या कामात झाड कशाला?"

"तुमच्या फारमात हाय ना," नाना म्हणाले. "लावलेली झाडं किती, म्हनून. मंग लावलं. बिबट्याचं काय म्हननं न्हाई."

मला खूप हसू आलं. वहीत 'एक' लिहिलं, नानांनी दिलेला नारळ पिशवीत टाकला आणि त्यांनीच दिलेल्या शालीत स्वतःला गुंडाळून घेतलं. हा किस्सा समितीत रंगवून सांगायचा असं संध्याकाळी संगमनेरच्या लॉजवर पडल्यापडल्या ठरवूनही टाकलं. आपल्याला हसू कशाचं येतंय हे तपासून बघायची सवय शिक्षकाला नसते.

दिवस तिसरा : पठार

खरं तर हा सगळा प्रवास मी या तिसऱ्या दिवसासाठी स्वीकारला होता. संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याने चंदनापुरीचा घाट चढून वर आलं की पठार भाग लागतो. खाली ऊस, दूध, कॉलेजं. वर मुरूम आणि वारा. तिथल्या एका गावाने, नाव सांगत नाही, आपलं गायरान राखायला घेतलं होतं. त्या माळावरचं गवत पावसाळाभर कोणी चारायचं नाही, दिवाळीच्या सुमाराला बायकांनी विळ्याने कापायचं आणि घरटी वाटून घ्यायचं. अनुदान कशासाठी, तर राखणदाराच्या पगारासाठी. शेजारच्या गावांची गुरं आत घुसू नयेत म्हणून दिवाळीपर्यंत माळावर माणूस हवा.

हा अर्ज आला तेव्हा समितीतले बहुतेक जण म्हणाले होते की नुसतं गवत काय राखायचं, तिथे झाडं तरी लावू द्या. तेव्हा मी वीस मिनिटं बोललो होतो. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, गवताळ रान हे स्वतःच एक पूर्ण रान असतं, तिथे झाड लावणं म्हणजे त्याचा गळा घोटणं, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अर्ज मंजूर झाला होता.

मला घ्यायला भाऊसाहेब आले. गावातलं कागदपत्रांचं सगळं काम हेच बघतात. पन्नाशीचे, स्वच्छ पांढरे कपडे, बोलणं अदबीचं, मोटरसायकल मात्र अदब नसलेली. संगमनेरातून निघताना त्यांनी एका रोपवाटिकेपाशी गाडी थांबवली आणि माझ्या मांडीवर एक गुलमोहर दिला.

"धरा सर जरा. बाकीचे टेम्पोनी येत्यात."

घाटभर मी तो गुलमोहर छातीशी धरून बसलो होतो. त्याची पानं माझ्या नाकात जात होती. हे झाड आपल्याकडचं नाही, ते माळावर कोणी लावत नाही, तेव्हा गावातल्या कुठल्यातरी ऑफिसपुढे लावायचं असेल, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला. 'बाकीचे' म्हणजे किती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

माळ दिसला आणि मी गाडीवरूनच "थांबवा" म्हणालो. आजवर हा माळ मी अर्जात वाचला होता. गुडघ्याच्या वर आलेला पवन्या, मारवेल, मध्ये जांभळट झाक असलेली कुसळी, आणि वारा आला की सगळं एका बाजूला झुकत होतं. वर कुठेतरी चंडोल गात होता, दिसत नव्हता. गेली तीस वर्षं मी ही नावं फळ्यावर लिहिली. वर्गात गवताच्या तासाला पोरं झोपायची. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी ती नावं मोठ्याने म्हणत सुटलो. हे मी कबूल करतो, कारण पुढचं सांगताना त्याची गरज आहे.

"पुढं चला सर," भाऊसाहेब म्हणाले. "तयारी पुढं हाय."

तयारी अशी होती. चढ ओलांडल्यावर गवत एकदम संपलं. तिथून ओळीने खड्डे. दोरी लावून मारलेले, सारख्या अंतरावर, प्रत्येकाभोवती फक्कीचं पांढरं वर्तुळ. एकशे चौऱ्याऐंशी. ओळींच्या मधलं गवत ट्रॅक्टरने दाबून टाकलेलं. प्रत्येक खड्ड्याशेजारी उपसलेला मुरूम आणि काळ्या मातीचा ढीग. कडेला मांडव, स्पीकर, खुर्च्या, आणि गावातली शंभरेक माणसं.

"मुरमात झाड धरत न्हाई," भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले, "म्हनून खालून नदीकाठचा गाळ आनला. चार ट्रॉल्या. आपल्या हातचं झाड मरायला नको."

फेटा बांधला गेला, शाल आली, नारळही दोन आले, एक गावाचा आणि एक भाऊसाहेबांचा. भाऊसाहेबांनी माईक हातात घेतला आणि मी गवतावर केलेल्या वीस मिनिटांच्या भाषणाची तारीफ केली. ते इतिवृत्तात छापलं होतं आणि त्यांनी ते वाचलं होतं. त्याच दमात पहिलं झाड लावायची विनंतीही करून टाकली.

खड्ड्यापाशी फावडं घेऊन एक बाई उभ्या होत्या. पंचेचाळीसच्या आसपास, पदर खोचलेला. गवत कापणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख, मंदाताई. अर्जावर पहिली सही यांचीच होती. सगळे हसत होते, त्या हसत नव्हत्या. मी खालच्या आवाजात विचारलं, "ताई, हे खड्डे कोणी ठरवले?"

"तुमी."

"मी?"

"भाऊसाहेबांनी तीन बारीला फारम धाडला पुन्याला," त्या सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या. "झाडाच्या रकान्यात रेघ मारली हुती. झाड लावलंच न्हाई तर काय लिवनार? तिनी बारीला वापस आला. रकाना रिकामा हाय म्हनून. मंग गावानी बैठक घेतली. झाड न्हाई तर हप्ता न्हाई, हप्ता न्हाई तर राखनदार न्हाई, आन राखनदार न्हाई तर पंधरा दिसात शेजारची गुरं समदा माळ फस्त करत्यात. मी म्हनलं, अर्धा माळ जाऊ द्या, अर्धा तर ऱ्हाईल."

त्यांनी फावडं मुरमात टेकवलं. मग म्हणाल्या, "सर, तुमच्या कागदात गवताला जागाच न्हाई."

मी प्रपत्र काढून बघितलं. खरंच नव्हती. आठ पानं. लाभार्थींची संख्या, फलकाचा फोटो, उद्घाटकाचं नाव, लावलेल्या झाडांची संख्या. गवतावर वीस मिनिटं बोलून टाळ्या घेणाऱ्या माणसाने गवताला एक ओळसुद्धा दिली नव्हती. आदल्या दिवशी नानांच्या जांभळापुढे मी पोट धरून हसलो होतो. आता शंभर माणसांसमोर फेट्यात उभं राहणं नकोसं झालं.

"सर," माईकवरून भाऊसाहेब, "मुहूर्त."

मी गुलमोहर खाली ठेवला. मंदाताईंच्या हातातलं फावडं घेतलं आणि मुरूम परत खड्ड्यात लोटायला लागलो. नदीचा गाळ बाजूला, मुरूम आत. माझ्या वयाचा माणूस फेटा बांधून फावडं मारतो तेव्हा तो फार शोभिवंत दिसत नाही. तिसऱ्या फावड्याला फेटा डोळ्यांवर आला.

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. पण सूत्रसंचालन अंगात भिनलेलं. स्पीकरमधून आवाज आला, "आता... आदरणीय सरांच्या शुभहस्ते... खड्डा... बुजवण्यात येत आहे." आणि सवयीने टाळ्या पडल्या.

मग ते धावत माझ्याजवळ आले. "सर, चुकलं का काय आमचं? रोप बारीक हाय का? मोठं आनू दुसरं."

"तुमचं नाही चुकलं, भाऊसाहेब. माझं चुकलं. प्रपत्र मी केलंय."

हे त्यांना पटेना. पुण्याहून आलेल्या माणसाचं चुकतं, हे मान्य करायला त्यांना जड जात होतं, आणि खरं सांगायचं तर पुण्याहून आलेल्या माणसालाही जात होतं. हप्ता थांबणार नाही असं मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा मंदाताईंनी मला विचारलं, "लिवून देता?" मी वहीचं पान फाडून तिथेच लिहून दिलं : गवत राखलं आहे, काम समाधानकारक आहे, झाडं शून्य. त्यांनी पान वाचलं, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि मांडवाकडे वळून हाक मारली, "चला गं!" तासाभरात बायकांनी सगळे खड्डे बुजवले. रोपं टेम्पोतून होती तशी परत गेली. भाऊसाहेब तोपर्यंत खुर्च्या मोजत बसले होते.

जेवण त्यांच्याच घरी झालं. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. मासवडी इतकी अप्रतिम होती की एरवी मी तिच्यावर पानभर लिहिलं असतं. भाऊसाहेब वाढता वाढता दर वेळी म्हणत होते, "राग न्हाई ना सर?"

नंतर

पुण्यात आल्यावर अहवाल संगणकावर भरायचा असतो. झाडांच्या रकान्यात मी शून्य टाकलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, कृपया योग्य संख्या भरा. मी पुन्हा शून्य टाकलं. संगणकाने पुन्हा लाल अक्षरं दाखवली. त्यालाही माझीच शिकवण.

शेवटी समितीपुढे तोंडी सांगितलं. भांडलो म्हटलं तरी चालेल. हप्ता मंजूर झाला. मग सदस्यांनी तासभर विचार करून प्रपत्रात 'राखलेले गवत' असा नवा रकाना घालायचा ठराव केला. ते किलोत मोजायचं की ट्रॉलीत यावर एकमत न झाल्याने पुढच्या बैठकीत ठरेल. झाडांचा रकाना तसाच राहिला, कारण देणगीदारांना झाडं आवडतात. वार्षिक अहवालात माझा फोटोही आला. फेटा, फावडं, खड्डा, आणि खाली ओळ : माळरानावर वृक्षारोपण करताना.

तो अंक मी बायकोला दाखवला. ती फोटोकडे बघून म्हणाली, "छान दिसतोयस." तिने अंक मिटून परत दिला, तेव्हा मला यादीतलं पहिलं कलम आपोआप ऐकू आलं.

मंदाताईंचा फोन आला तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर होती. हप्ता पोचला, राखणदार आहे, गवत चांगलं आलंय, कापणी सुरू करतोय. मी खुश झालो.

"खड्ड्यांतलं कसं आलंय?" मी विचारलं.

"गाजरगवत आलंय," त्या म्हणाल्या. "गाळातनं बी आलं. गाळ उचलला हुता, पर सांडायचा तो सांडलाच. एकूनएक खड्ड्यावर हाय. फुलायच्या आत उपटाया पायजे, न्हाईतर समदा माळ जातो. कापनीच्या टायमाला कुठं मानसं मिळत्यात?"

त्या तक्रार करत नव्हत्या. काम सांगत होत्या.

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघालो. यावेळी कोणाला कळवलं नव्हतं, त्यामुळे फेटा नव्हता, नारळ नव्हता, कोणी घ्यायलाही आलं नव्हतं. हमरस्त्यावर उतरून माळापर्यंत चालत गेलो. मंदाताईंनी मला पाहिलं आणि एक खुरपं दिलं. माळावरचं गवत आता सोनेरी झालं होतं आणि त्यात ओळीने, दोरी लावून आखल्यासारखे, हिरवे गोल ठिपके होते. लांबूनसुद्धा मोजता येत होते.

गाजरगवताने अंगाला खाज सुटते. मी मुलांना हे शिकवलं आहे, ते परीक्षेत दोन मार्कांना यायचं. खरी खाज दोन मार्कांची नसते. दुपारपर्यंत माझे हात कोपरापर्यंत लाल झाले, कमर वाकेना, आणि वाकली की सरळ होईना. दिवस कलायला लागला तेव्हा माझे नऊ खड्डे साफ झाले होते. शेजारच्या ओळीत मंदाताईंचे एकतीस झाले होते, आणि मध्ये त्या घरी जाऊन म्हशीची धारही काढून आल्या होत्या.

त्यांनी माझ्या नऊंकडे बघितलं. दोनांत बोट घालून राहिलेली मुळं बाहेर काढली. मग विचारलं, "गाडी कितीची हाय सर?"

"पाचची होती," मी म्हणालो. "उद्या किती वाजता सुरू करायचं?"